तेरावा फर्मा

कादंबरीतल्या मुलीला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. आधीच परगावची, त्यात हे, त्यामुळे गावाला ती डोळ्यांसमोर नको. १९२व्या पानाच्या तळाशी माणसं पलिते घेऊन तिच्या दारात येतात, ती कडी काढते, मी समोरच्या पानावर जाते, आणि ती पुन्हा रानात शेळी शोधायला निघते. पान १७७. पुढची सोळाही पानं शेळीच. मग थेट २०९. तोवर गाव जळून राख.

यात जादू काही नाही. डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढी पुस्तकं बहुधा १६ पानी फर्म्यांत छापतात: मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, तीन घड्या घालायच्या, झाला एक फर्मा. बारावा १७७ ते १९२, तेरावा १९३ ते २०८. बाइंडरकडे फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं मांडून एकेक उचलत जातात. तेराव्याच्या जागी बाराव्याचाच गठ्ठा आला, की झालं. हे पकडायला घडीवर काळ्या खुणा छापतात, प्रत्येक फर्म्यावर आधीच्यापेक्षा जरा खाली. फर्मे नीट लागले तर पाठीवर जिना दिसतो. पायरी चुकलेली लांबूनही कळते, पण कुणी बघितली तर ना! एकदा पाठ खरवडून गरम गोंद लावला की जिनाही गेला.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात हे सगळं सांगून झाल्यावर दुकानदार म्हणाले, "म्हणजे वाचलंत."

"अर्धंच वाचता आलं."

"वाचलेलं पुस्तक बदलून मिळत नाही."

शेजारी एक आजोबा नातीसाठी आलेखाच्या वह्या घेत होते. वह्या राहिल्या बाजूला. "मनातलं ऐकू येतं? टेलिपथी! शब्द १८८२चा, इंग्लंडच्या मायर्सचा. आपल्याकडे परचित्तज्ञान. पतंजलीच्या योगसूत्रांतला विभूतिपाद, एकोणिसावं सूत्र. पण विसावं कुणी वाचत नाही! समोरच्याचं चित्त कसं आहे ते कळतं, कशामुळे ते नाही. राग कळेल, कुणावर, ते नाही कळणार. मग शेळी कुणी नेली हे या मुलीला कळलं कसं?"

ते तेराव्या फर्म्यात असावं, असं मी म्हणाले. दुकानदारांना राग आला होता आणि कुणावर, ते कळायला सिद्धी लागत नव्हती.

"३२०त १६ गेली," आजोबा त्यांच्याकडे वळले. "पाच टक्के. साडेचारशेचे साडेबावीस रुपये द्या यांना."

"गेली कुठं? मोजा. ३२०ची ३२० भरतात."

भरत होती! इथं माझी बोलती बंद झाली, याचा राग अजून गेलेला नाही. साडेचारशे रुपये मोजून सदोष माल घ्यायचा आणि वर फाडणाऱ्यासारखं काउंटरपुढे उभं राहायचं. बाइंडर नामानिराळा, प्रकाशक नामानिराळा, आणि संशय कुणावर, तर पुस्तक वाचणाऱ्यावर.

शेवटी उपकार केल्यासारखी त्यांनी आणखी दोन प्रती काढल्या. दोन्हींत शेळी. गठ्ठाच चुकला तर त्या खेपेच्या सगळ्याच प्रती तशा निघणार, हे मी सांगायला तोंड उघडलं.

"बघा," ते म्हणाले, "सगळ्यांत तसंच आहे. म्हणजे लेखकानंच दोनदा लिहिलंय."

आजोबांनी तेवढ्यात माझी प्रत उघडून शेवटचं पान वाचून टाकलं होतं. वह्या पिशवीत कोंबत पायरी उतरताना म्हणाले, "गाव तिनं नाही हो जाळलं. शेळीच्या मालकानं."