सुट्टीत पोराने बागेत हात लावला तर बापाला जेल? तसं नाहीये

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपवर फिरतंय की "नवीन कायदा आलाय, १४ च्या आतलं पोरगं घरच्या द्राक्षबागेत दिसलं तरी आई-बाप आत". अहो, बालमजुरीचा कायदा १९८६ चा, २०१६ मध्ये सुधारला, आणि त्यातच लिहिलंय की शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत स्वतःच्या घरच्या कामात मदत चालते. पण धोक्याचं काम नको, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ पण नाही. म्हणजे क्रेट उचलून दे, चहा नेऊन दे ठीक, फवारणीच्या औषधाजवळ मात्र फिरकू द्यायचं नाही.

पण ही सूट घरच्यांनाच बरं का, बागायतदाराला नाही. पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळीबरोबर आलेल्या पोराला द्राक्षाचे मणी विरळायला लावलं, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) बापाने घेतलेली असली तरी, तर मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद नाहीतर २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. आई-बापाला पहिल्यांदा शिक्षाच नाही, परत केलं तर १० हजारांपर्यंत दंड. मेसेजमध्ये नेमकं हेच गायब, कोणी लिहिला असेल कळतंच :) असं पोरगं दिसलं तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) लावा.