पाच लाख लावा, पंधरा लाख मिळवा? जुना फ्लॅट विकण्याआधी हा हिशेब बघा

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "जुना फ्लॅट आहे तसा विकू नका. आधी पाच लाख लावा. मॉड्युलर किचन, नवीन टाइल्स, फॉल्स सिलिंग करा, मधली भिंत पाडून हॉल मोठा करा. किंमत पंधरा लाखांनी वाढेल. चकाचक घराला बँक जास्त कर्ज देते, ओल पुट्टी-रंगाखाली झाकली जाते आणि सगळा खर्च टॅक्समधून वजा होतो." खाली इंटिरिअरवाल्याचा नंबर. तो नसता तरच नवल.

पुणे, ठाणे किंवा मुंबईच्या उपनगरातल्या साध्या टू बीएचकेचा विचार केला, तर यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एक तर चक्क अंगाशी येणारं आहे. स्वतंत्र बंगला किंवा गावातलं घर यांचं गणित वेगळं असतं. ते इथे घेत नाही.

"बँक जास्त कर्ज देते." आधी हेच घेऊ, कारण बाकीचा इमला यावरच उभा आहे. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस घरी येतो तेव्हा तो कार्पेट एरिया, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट आणि आसपास झालेले व्यवहार बघतो. फॉल्स सिलिंगमधले दिवे त्याच्या तक्त्यात बसत नाहीत. घराची स्थिती बरी असल्याचा शेरा तो मारेल, पण ट्रॉल्यांचे अडीच लाख किमतीत धरणार नाही. आणि करारातली किंमत त्याच्या आकड्यापेक्षा जास्त असली, तर कर्ज त्याच्या आकड्यावर मिळतं.

याचा अर्थ खरेदीदाराच्या खिशाच्या भाषेत पाहा. समजा, पुणे महापालिका हद्दीतला फ्लॅट ८० लाखांना ठरला आणि बँकेचं मूल्यांकनही तेवढंच आलं. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे कर्ज ६४ लाख. उरलेले १६ लाख खरेदीदाराचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. या दोन्हींना कर्ज मिळत नाही. एकूण २१ लाख ९० हजार त्याने स्वतःचे उभे करायचे.

आता तुम्ही नूतनीकरण करून ९० लाख मागितले. मूल्यांकन ८०च आलं, म्हणून कर्ज ६४च राहिलं. घरचे पैसे २६ लाख, मुद्रांक शुल्क ६ लाख ३० हजार, नोंदणी ३० हजार. बेरीज ३२ लाख ६० हजार. किंमत दहा लाखांनी वाढली आणि खरेदीदारावरचा रोखीचा बोजा १० लाख ७० हजारांनी. वाढलेल्या किमतीतला एक रुपयाही बँक उचलत नाही, उलट वाढीवर सरकारला ७० हजार जास्त जातात. घर त्याला कितीही आवडो, टू बीएचकेच्या गिऱ्हाइकाकडे हे वरचे अकरा लाख बहुधा नसतात. तो "घरी विचारून सांगतो" म्हणतो आणि पुन्हा फोन करत नाही.

मग काही एजंट पळवाट सुचवतात: किंमत ८०च लावा, फर्निचरचे दहा लाख वेगळ्या पावतीवर घ्या. त्या पावतीवरही गृहकर्ज नाही, बोजा तोच. आणि फर्निचरच्या नावाखाली घराचेच पैसे रोखीत फिरवायचे असतील, तर स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हेही त्या एजंटाला विचारून बघा.

"किंमत पंधरा लाखांनी वाढते." कुठून आला हा आकडा? घर सजवून नफ्यात विकण्याची कल्पना बहुतेक अमेरिकन टीव्हीवरून इकडे आलेली आहे. तिथल्या बांधकाम व्यवसायाचीच एक वार्षिक पाहणी असते. २०२४ मध्ये तिच्यात आलिशान स्वयंपाकघराचा जेमतेम ३८ टक्के खर्च विक्रीत वसूल होतो असं दिसलं. खर्चाच्या जवळपास दुप्पट वसुली झाली ती गॅरेजचं दार बदलण्याची. कोथरूडच्या फ्लॅटला गॅरेजचं दार कुठून आणायचं, ते मेसेजवाल्यांनी सांगावं.

इकडे किंमत घरापेक्षा इमारत ठरवते. तुमच्या सोसायटीत गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कितीला गेला, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये कुणीही फुकट बघू शकतं. सूची क्रमांक दोनवर (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही छापलेलं असतं. हल्लीची तरुण जोडपी घर बघायला येण्याआधी हे काढून आलेली असतात. "शेजारचा ७८ला गेलाय काका," असं त्यांनी सांगितल्यावर तुमच्या नव्या टाइल्सवर लाख-दोन लाख मिळतील, पंधरा नाही.

आणि स्वयंपाकघर हीच ती जागा, जी नवा मालक सगळ्यात आधी तोडतो. कुणाला ओटा पूर्वेकडे हवा, कुणाला फ्रिज आत हवा, कुणाला तुमचा लाल ॲक्रिलिक बघवत नाही. रीसेल घेणारा माणूस आपल्या पसंतीच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवूनच आलेला असतो. त्याला जुना कडप्प्याचा ओटा परवडतो, कारण तो फोडताना जीव तुटत नाही. नवा कोरा ओटा दाखवून तुम्ही त्याला अशा वस्तूचे पैसे मागता जी तो फेकणार आहे.

"मधली भिंत पाडून हॉल मोठा करा." करू नका. कुठली भिंत भार घेते हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचं नसतं. जुन्या, कॉलम नसलेल्या इमारतींत तर मुळीच नाही. बांधकामातल्या बदलांना सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागते. ती नसेल तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते. पण विक्रेत्याला त्याआधीच चटका बसतो: खरेदीदाराची बँक मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर ताडून बघते, आणि बाल्कनी गायब दिसली की फाइल थांबते. म्हणजे पैसे घालून तुम्ही घर कर्ज न मिळण्याजोगं केलंत.

"ओल पुट्टी-रंगाखाली झाकली जाते." अंगाशी येणारं वाक्य ते हे. ओली भिंत रंगवली तर पाणी आतच राहतं. ते बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, पुट्टी फुगते आणि पोपडे निघतात. एप्रिलमध्ये रंगवलेली भिंत ऑगस्टमध्ये बोलायला लागते. साठेखत ते खरेदीखत यांत दोन-तीन महिने सहज जातात, त्यामुळे पावसाळा बऱ्याचदा व्यवहाराच्या मधेच येतो. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम विक्रेत्यावर जबाबदारी टाकतं: मालमत्तेतला जो मोठा दोष तुम्हाला माहीत आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो सांगायचा. एका खोलीची एकच भिंत ताज्या रंगाची ठेवली तर तुम्हाला दोष माहीत होता याचा पुरावा तुम्हीच उभा केलेला असतो. मुरलेली गिऱ्हाइकं असल्या भिंतीवर हात ठेवून बघतात. एकदा शंका आली की ती त्या भिंतीपुरती राहत नाही, कागदपत्रांपर्यंत जाते.

खरं तर विकण्याआधी कुठल्या एका कामावर पैसे लावावेत असं कुणी विचारलं, तर मी ओलीवरच लावायला सांगेन. पण मुळापासून. ओल कुठून येते ते आधी शोधायचं: वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा, भिंतीत गाडलेली जुनी लोखंडी (जीआय) पाइप, बाहेरच्या भिंतीची भेग, की गच्ची? मेसेजमध्ये नसलेली गोष्ट इथे कामाला येते: हा खर्च बऱ्याचदा तुमचा नसतोच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम आहे. वरच्या घराच्या आतल्या नळकामातून गळत असेल तर ते त्या सभासदाचं. सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वॉटरप्रूफिंग झालं की प्लास्टर पुरतं वाळू द्या आणि मगच रंग. केलेल्या कामाची पावती खरेदीदाराला दाखवा. "इथे ओल होती, हे काम केलं, एक पावसाळा गेलाय" हे सरळ सांगणाऱ्या विक्रेत्याशी लोक कमी घासाघीस करतात.

"सगळा खर्च टॅक्समधून वजा होतो." सगळा नाही. भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला नफा, काढताना घरात केलेल्या कायमस्वरूपी भरीचा किंवा बदलाचा खर्च धरता येतो. रंगकाम, डागडुजी, सुटं फर्निचर यात बसवणं अवघड. मिस्त्रीला रोख दिलेल्या पैशांची पावती नसते, तेही विसरू नका. समजा, पाचातले तीन लाख मान्य झाले. दोन वर्षांहून जास्त काळ मालकीच्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासूनचा दर १२.५ टक्के आहे. (त्या तारखेआधी घेतलेल्या घराला भारतात निवासी असलेली व्यक्ती खरेदी किमतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनीही हिशेब करू शकते, जो कर कमी पडेल तो.) १२.५ ने तीन लाखांवर वाचले ३७ हजार ५००. अधिभार-उपकर धरून थोडे इकडे-तिकडे. पाच लाख घालून चाळीसएक हजार वाचवण्याला बचत म्हणत नाहीत. आणि विक्रीचा नफा दुसऱ्या घरात गुंतवणार असाल, म्हणजे विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर बहुतेक मध्यमवर्गीय विक्रेत्यांचा कर तसाही शून्यावर येतो. शून्यातून काय वजा करणार?

इमारत तीस-पस्तीस वर्षांची असेल तर वरची चर्चाही गैरलागू आहे. तिथे पुनर्विकासाची बोलणी चालू असतात किंवा होणार असतात, आणि घेणारा आजचं घर घेतच नाही. तो उद्या मिळणारं क्षेत्र घेतो. विकासक वाढीव जागा देतो ती आत्ताच्या कार्पेटवर मोजून, तुमच्या इटालियन मार्बलवर नाही. या घरांना गिऱ्हाईक तीन गोष्टी विचारतं: सर्वसाधारण सभेचा ठराव झाला का, मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावावर होणं) झालंय का, आणि स्ट्रक्चरल ऑडिट काय म्हणतं. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. मुंबईत अहवालात सी-१ शेरा असेल, म्हणजे इमारत धोकादायक आणि रिकामी करण्याजोगी ठरली असेल, तर नव्या टाइल्सवर उभं राहायलाही कुणी येणार नाही.

मेसेजच्या मुळाशी एक गोष्ट बरोबर आहे, ती मान्य करायला हवी. घर स्वच्छ आणि उजेडाचं असलं की लवकर विकलं जातं. जास्त किमतीला नाही, लवकर. गळके नळ, न लागणारी दारं, काळे पडलेले स्विच, बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतला मळ, माळ्यावरचं वीस वर्षांचं सामान: हे सगळं करायचं. भिंती फारच डागाळलेल्या असतील तर एक हात फिकट रंग. रिकाम्या, बंद फ्लॅटला कुबट वास येतो म्हणून आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या. हे काही हजारांत होतं, फार तर लाखाच्या आत, आणि दोन आठवड्यांत. पाच लाखांच्या कामाला सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, दुपारी दोन ते चारची शांतता आणि राडारोडा धरून दोन-तीन महिने लागतात. तेवढे महिने मेंटेनन्स चालू, नवीन घर आधीच घेतलेलं असेल तर हप्ताही चालू.

आणि आई-वडिलांचं घर विकायचं असेल, म्हणजे रीसेलमध्ये हमखास दिसणारा प्रकार, तर रंगाऱ्याच्या आधी वकिलाला फोन करा. शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्या नावावर असतं. मोठा मुलगा नॉमिनी असतो आणि स्वतःला मालक समजत असतो. बहीण नाशिकला असते आणि तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांनी एकत्र सह्या करायच्या, किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. जुन्या साठेखतांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, फेडलेल्या कर्जाचं बँकेचं पत्र हे गोळा करायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मॉड्युलर किचन दोनदा बसवून होईल. पण यातला एक कागद कमी असला तर बँक विसार दिलेल्या गिऱ्हाइकालाही कर्ज नाकारते, आणि मग नव्या ओट्यापाशी उभं राहून विसार परत करायची वेळ येते.