‘जुन्याच वाड्याला चुना’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि सोमवारी परत वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही वेळ काढून लिहिलंत आणि त्यातल्या दोन गोष्टी मला लागल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर’ हा किल्ले बांधायचा आणि लढवायचा जुना कॉम्प्युटर गेम. त्याची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने सजवलेली आवृत्ती, जुलै २०२५मध्ये आली आणि मी तिच्यावर कौतुकाचा लेख लिहिला. त्यावर भाऊंचं म्हणणं असं : “जुन्याच वाड्याला चुना मारून नवा म्हणून विकून राहिले, अन् तुम्ही टाळ्या वाजवून राहिले. नवा गेम बनवायची अक्कल नसली की हे असंच होते. माझ्याजवळ जुनी सीडी आहे, तीच पुरे. अन् ज्या आठवड्यात आपले बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्याच आठवड्यात तुम्हाला दुसऱ्यांचे किल्ले आठवले.” शेवटी त्यांनी लिहिलंय की ते दर पावसाळ्यात चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर जातात.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात जास्त लागला. ११ जुलैला युनेस्कोने रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतचे बारा किल्ले वारसा यादीत घेतले आणि १५ जुलैला हा गेम आला. माझ्या लेखात त्या किल्ल्यांबद्दल एक ओळही नव्हती. किल्ल्यांवरच्या गेमबद्दल लिहिताना ती असायला हवी होती. तुमचं बरोबर आहे, त्याकडे खाली परत येतो.

आता चुन्याबद्दल.

या गेमचा जीव कुठे आहे असं मला कोणी विचारलं तर मी बेकरीकडे बोट दाखवीन. शेतकरी गहू पेरतो, कापतो आणि पाठीवर घेऊन स्टॉकपाइलवर, म्हणजे माल रचायच्या जागेवर, आणून टाकतो. पवनचक्कीची पोरं धावत येऊन तो नेतात आणि पीठ करून परत आणतात. मग बेकरीवाला येतो, पीठ घेऊन जातो, पाव भाजतो आणि ग्रॅनरीत, म्हणजे गावाच्या कोठारात, नेऊन ठेवतो. प्रत्येक टप्प्याला कोणीतरी पायी चालतो आणि त्या चालण्याला वेळ लागतो. क्रुसेडरमध्ये तर वाळवंट आहे. शेती फक्त हिरव्या पट्ट्यांवर होते आणि ते पट्टे नेमके आपल्याला नको तिथे असतात. त्यामुळे कोणती इमारत कुठे बांधायची, यातच अर्धा डाव जिंकला किंवा हरला जातो.

हे मला कळलं २००३च्या मे महिन्यात, नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि एका कॉम्प्युटरवर मी आणि माझा धाकटा भाऊ. पैसे अर्धे-अर्धे काढले होते, म्हणून खुर्चीही अर्धी-अर्धी. मी आठ बेकऱ्या बांधल्या होत्या तरी ग्रॅनरी रिकामी. गेममधली माझी लोकप्रियता पन्नासच्या खाली गेली आणि लोक एकेक करून वस्ती सोडून निघाले. मी नववी बेकरी बांधायला निघालो, तर भावाने स्क्रीनवर बोट टेकवलं आणि एका बेकरीवाल्याच्या मागे-मागे ते सरकवत नेलं. “दादा, हा बघ ना. हा अजून रस्त्यातच आहे.” बेकऱ्या टेकडीच्या एका अंगाला, ग्रॅनरी दुसऱ्या अंगाला. आठही माणसं पावाची टोपली घेऊन टेकडीला वळसा घालत होती.

नवी आवृत्ती आल्यावर मी पहिल्याच दिवशी मुद्दाम तीच चूक केली. बेकऱ्या लांब बांधल्या आणि बसून राहिलो. ग्रॅनरी तशीच रिकामी झाली, लोक तसेच निघून गेले. मी टाळ्या वाजवल्या त्या यासाठी, भाऊ. नुसतं सोपं करायचं असतं तर पाव बनला की आपोआप ग्रॅनरीत जाऊन पडेल असं करून टाकणं अवघड नव्हतं. आजचे कितीतरी गेम तसंच करतात. या लोकांनी बेकरीवाल्याचं चालणं ठेवलं.

आणि रंग देणं ही हलकी गोष्ट नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी दिवाळीचा किल्ला व्हायचा. विटांवर गोणपाट, त्यावर माती, उतारावर पेरलेली मोहरी. मातीचे मावळे मात्र दरवर्षी तेच, भुशाच्या पेटीतून निघायचे. वर्षभरात त्यांचे रंग उडायचे, म्हणून पोस्टर कलरने परत रंगवायचे. एका वर्षी ते काम माझ्याकडे आलं. मी उत्साहात सगळ्यांचे फेटे लाल केले, अंगरखे पिवळे केले, चेहऱ्यांवरून गुलाबी हात फिरवला. किल्ल्यावर मांडल्यावर आजी वाकून बघत म्हणाली, “अरे, यातला पहारेकरी कोणता अन् तुतारीवाला कोणता?” जवळून सगळे छान दिसत होते. दोन हातांवरून एकही ओळखू येत नव्हता.

जुन्या गेमची चित्रं परत काढणाऱ्यापुढे हाच पेच असतो. मूळ चित्रं ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ अशा मॉनिटरच्या काळातली. आजच्या ४के स्क्रीनवर त्याच्या दहापटीहून जास्त ठिपके असतात. जुनं चित्र तसंच ठेवलं तर माणूस मुंगीएवढा दिसतो, ताणलं तर धूसर होतो. म्हणजे नव्याने काढणं आलंच. पण नव्याने काढताना हाताखाली जागा भरपूर मिळते, आणि चित्रकाराला मोह होतो. बक्कल काढावं, शिवण काढावी, गंज काढावा. एका वेळी दीड-दोनशे सैनिक भिंतीखाली गोळा झाले की त्या बारकाव्यांचा नुसता गाळ होतो. तेव्हा खेळणाऱ्याला अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे की शिडीवाला कोण, गदावाला कोण आणि भिंतीकडे सरकणारा तो मारेकरी कुठे आहे. ते कळतं उभं राहण्याच्या ढबीवरून आणि बाह्याकृतीवरून. नव्या आवृत्तीत ती ढब जपली आहे, मी दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी लावून बघितल्या. रंग मात्र काही ठिकाणी मला जास्त उजळ वाटतात. जुन्या वाळवंटात एक करपलेपणा होता, आपल्या मे महिन्यातल्या मैदानांसारखा. तो कमी झालाय. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

“नवा गेम बनवायची अक्कल नाही” हे मात्र मला मान्य नाही, कारण हा गेम बनवणाऱ्या फायरफ्लाय कंपनीने नवे गेम बनवून बघितले आहेत. २००५चा ‘स्ट्राँगहोल्ड २’ पूर्ण थ्रीडी, त्यात घाण साफ करणं आलं, उंदीर आले, चोर आले. २०११मध्ये तिसरा भाग आला आणि आपटला. २०१४मध्ये ‘क्रुसेडर २’ आला, २०२१मध्ये चीन-जपान-व्हिएतनामकडे जाणारा ‘वॉरलॉर्ड्स’. माझ्या मते या सगळ्यांत एकच गोष्ट हरवली. जुन्या गेममध्ये आपण एका ठरलेल्या कोपऱ्यातून गावाकडे बघतो, आणि एका नजरेत कळतं की गाव का उपाशी आहे. थ्रीडीत कॅमेरा हवा तसा फिरतो, पण भिंतीआडचा माणूस दिसत नाही, आणि तो शोधण्यातच वेळ जातो. लोक परत-परत २००१च्या पहिल्या भागाकडे आणि २००२च्या क्रुसेडरकडे वळत राहिले, तेव्हा कुठे २०२३मध्ये पहिल्या भागाची डेफिनिटिव्ह एडिशन आली. तीतही नुसता रंग नव्हता, चौदा मोहिमांची नवी कथा होती. क्रुसेडरच्या नव्या आवृत्तीत बेदुइन सैनिक आणि नवे प्रतिस्पर्धी सरदार आले आहेत.

तुमची सीडी. ती जपून ठेवा, माझी तर ओरखडे पडून गेली. पण त्या काळच्या कितीतरी गेमच्या सीडींवर नक्कल होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज १०मध्ये चालत नाही. सीडी धडधाकट, कॉम्प्युटर धडधाकट, आणि गेम सुरू होत नाही. शिवाय आजच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. माझ्या भाच्याला मी हा गेम दाखवला तो नव्या आवृत्तीतच. जुनी आवृत्ती त्याच्यापर्यंत पोचण्याचा सरळ रस्ता माझ्याकडे नव्हता.

चुना मारून विकणं कशाला म्हणतात तेही सांगतो, म्हणजे आपला राग योग्य पत्त्यावर जाईल. जानेवारी २०२०मध्ये ब्लिझर्ड कंपनीने आपल्या जुन्या गेमची ‘वॉरक्राफ्ट ३ : रिफोर्ज्ड’ ही नवी आवृत्ती आणली. २०१८मध्ये कंपनीच्या कार्यक्रमात दाखवलेली नव्या धाटणीची दृश्यं प्रत्यक्षात मिळाली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ज्यांच्याकडे जुना गेम होता, त्यांनाही नव्याच प्रोग्राममध्ये ढकललं. ज्याने एक पैसाही नव्यावर खर्च केला नव्हता, त्याचंही जुनं घर मोडलं. पैसे परत द्यायची वेळ आली. याच कंपनीने २०१७मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ किती नीट केला होता! जुनी आवृत्ती फुकट करून टाकली आणि नवीत एफ५ दाबलं की जुनी चित्रं समोर. २०२०च्या जूनमध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ परत आला, त्यात स्पेसबार दाबून खेळता-खेळता जुनं-नवं बदलता येतं, आणि त्यांनी तर मूळ कोडचा मोठा भाग लोकांसाठी खुला केला. माझी कसोटी या तीन उदाहरणांवरून ठरली आहे. जुनं हिसकावून घेतलं का, नियम गुपचूप बदलले का, आणि जे सांगितलं ते दिलं का, एवढं मी बघतो.

तुमच्या दोन तक्रारी मात्र मी जशाच्या तशा मान्य करतो. एक, भाव. ज्याने हाच गेम आधी एकदा पैसे देऊन घेतलाय, त्याने परत का मोजावे, हा प्रश्न रास्त आहे. जुना गेम चालत असेल आणि घाई नसेल तर सेलची वाट बघा, असं मी कोणालाही सांगेन. दुसरी, शब्दांची. माझ्या मथळ्यात ‘नवा क्रुसेडर’ असं होतं. तो शब्द चूक होता, वाचणाऱ्याची दिशाभूल करणारा होता. आज सकाळी मी मथळा बदललाय आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली आहे.

आता आपले किल्ले. तुम्ही विचारलंत की दुसऱ्यांचेच का आठवतात. खरं सांगू? गाविलगड मला या गेममुळे दिसायला लागला. शाळेच्या सहलीत चिखलदऱ्याला गेलो होतो, तेव्हा ती नुसती पडकी भिंत होती. गेम खेळून परत गेलो तेव्हा मी तळी मोजत होतो, दरवाजे एकामागे एक कसे वळणात ठेवलेत ते बघत होतो. १८०३च्या डिसेंबरमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरच्या भोसल्यांकडून घेतला. त्याच्या हाताखालच्या स्टीव्हनसनच्या लोकांनी तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला आणल्या आणि १५ तारखेला बाहेरच्या किल्ल्याची भिंत फोडून आत शिरले. तरी आतला किल्ला शिल्लकच होता, मध्ये दरी. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने आतल्या तटाला शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गेममधले शिडीवाले आठवले, आणि त्यानंतर गाविलगडच्या त्या दरीच्या काठावर मी नुसता उभा राहू शकलेलो नाही.

पण फक्त रंग बदलून क्रुसेडरचा सह्याद्री किंवा सातपुडा होणार नाही. त्या गेममधला किल्ला बहुतेक वेळा सपाटीवर उभा करायचा असतो, आपला किल्ला म्हणजे अर्धा डोंगरच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याबद्दल स्पष्ट बजावलंय. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झऱ्यांचं पाणी कमी होतं, म्हणून साठवणीची टाकी बांधून ठेवावी. आता हा नियम गेममध्ये आहे असं धरा. वेढा पडला, शत्रूच्या तोफा सुरू झाल्या, आणि झऱ्यातलं पाणी कमी होऊ लागलं. ज्याने आधी टाकी खोदली तो टिकला, ज्याने अंबारखानाच मोठा केला तो भरल्या कोठारासमोर तहानेने हरला. बेकरीवाल्याच्या चालण्याएवढाच पक्का नियम आहे हा, आणि आपल्याच माणसाने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. असा गेम कोणीतरी बनवावा असं मला मनापासून वाटतं. मी प्रोग्रामर नाही, पण क्रुसेडरमध्ये नकाशे बनवायची सोय आहे आणि ते स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर सगळ्यांना देता येतात.

म्हणून गेले पंधरा दिवस मी गाविलगडचा नकाशा बनवतोय. उत्तरेचं पठार झालं, बाहेरचा तट झाला, तळी झाली. आतल्या किल्ल्यासमोरच्या दरीपाशी अडकलोय. माझ्याकडचे फोटो उन्हाळ्यातले आहेत आणि सगळे एकाच बाजूने काढलेले. पावसाळ्यात पाणी कोणत्या अंगाने उतरतं ते त्यांत दिसत नाही. तुम्ही दर पावसाळ्यात जाता. तुमच्याकडे त्या दरीचे आतल्या तटावरून काढलेले फोटो असतील तर पाठवा, नकाशावर तुमचंही नाव टाकतो.