बिनइंधनाचं इंजिन काढताय? मग तराजू साधाच घ्या

अंतराळयानाचं इंजिन काढायचं तुमच्या मनात आलंच असेल, तर अग्निबाणाच्या वाटेला जाऊ नका. त्यात राम नाही. आपला पीएसएलव्हीच बघा. 320 टनांचा डोलारा उभा करायचा आणि सूर्यसमकालिक कक्षेत पोचवायचे जेमतेम पावणेदोन टन. बाकीचं बहुतेक सगळं जाळून मागे फेकायचं. एवढी उधळपट्टी कोणत्याही मराठी माणसाला बघवणार नाही. तेव्हा मागे काहीही न फेकता पुढे जाणारं इंजिन काढा. वीज लागेल, ती सौरपट्ट्यांवरून घ्या.

साहित्य फार लागत नाही. तांब्याचा एक शंकुछेद घ्या. दहावीच्या भूमितीत ज्याचं घनफळ काढताना पेपर संपायचा, तोच. दोन्ही तोंडं बंद करा आणि आत मायक्रोवेव्ह सोडा. रॉजर शॉयर या ब्रिटिश अभियंत्यानं या शतकाच्या सुरुवातीला यासाठी कंपनीच काढली आणि इंजिनाला नाव दिलं एमड्राइव्ह. त्यांचं म्हणणं असं, की लहरींचा दाब रुंद तोंडावर जास्त पडतो, अरुंद तोंडावर कमी, आणि उरलेला फरक हा आपला रेटा. मधल्या तिरक्या भिंतींवरही दाब पडतो आणि तो धरला की सगळी बेरीज शून्य होते, असं नववीतलं एखादं आगाऊ पोर म्हणेल. मागे काही ढकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत त्याचा नुकताच पाठ झालेला असतो, त्याला क्षमा करा. मोठी माणसं आणखी मागे जातील. नट, म्हणजे डोंबारी, कितीही शिकलेला असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, हे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात लिहून ठेवलंय म्हणतील. त्यावर एवढंच म्हणा, की आचार्यांकडे मायक्रोवेव्ह तयार करणारा मॅग्नेट्रॉन नव्हता.

तरीही कोणी हटेना, तर ‘क्वांटम निर्वात’ हे शब्द काढा. नासाच्या ह्यूस्टनमधल्या ईगलवर्क्स या छोट्या प्रयोगशाळेनं तेच केलं होतं. निर्वातात क्षणभर उगवून मावळणारे आभासी कण असतात, त्यांना ढकलून इंजिन पुढे जातं, असा तो विचार. ज्याला ढकलायचं ते टिकतच नाही, ही अडचण त्यात आहे खरी, पण तोवर समोरच्यानं घड्याळ बघायला सुरुवात केलेली असते.

आता मोजणी. इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण चांगली चांगली इंजिनं इथेच मेली आहेत. तुमचा आदर्श अमेरिकेचे नॉर्मन डीन असायला हवेत. फिरत्या वजनांवर चालणाऱ्या त्यांच्या यंत्राला 1959 साली पेटंट मिळालं, जॉन कॅम्पबेल या विज्ञानकथा मासिकाच्या संपादकांनी त्याची पालखी खांद्यावर घेतली, आणि वजन घटल्याचा पुरावा होता न्हाणीघरात असतो तसला वजनकाटा. थरथरणारं यंत्र स्प्रिंगच्या काट्यावर ठेवलं की काटा हवं ते सांगतो. याहून चांगलं उपकरण घेण्याची चूक करू नका.

चूक केली की काय होतं ते बघा. चीनमध्ये शिआनच्या नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठात यांग जुआन यांनी शॉयर यांच्यासारख्याच इंजिनातून अडीच किलोवॅटवर 720 मिलिन्यूटन मोजले होते. एवढा रेटा म्हणजे चैनच. पुढे त्यांच्याच गटानं बाहेरून येणारी वीजेची तार काढून टाकली, यंत्र स्वयंपूर्ण केलं, आणि रेटा मोजणीच्या चुकीत विरघळला. ह्यूस्टनच्या 2014 च्या प्रयोगात याच जातीच्या दुसऱ्या एका यंत्राच्या दोन प्रती होत्या. एकीत खाचा होत्या, आणि रेटा त्या खाचांमुळे येतो म्हणे. दुसरीत तुलनेसाठी मुद्दाम नव्हत्या. रेटा दोघींनीही दिला! अशा वेळी खाचांची गरज नाही, असा निष्कर्ष काढायचा असतो. तुम्ही उगीच भलता काढाल. तो प्रयोग निर्वात कक्षातच झाला, दार बंद करून. फक्त आतली हवा काढली नव्हती. 2016 साली शंकुछेदाच्या प्रयोगात तीही काढली. तेव्हा किलोवॅटमागे 1.2 मिलिन्यूटन उरले आणि समीक्षित नियतकालिकात प्रबंध आला. तो प्रबंध फ्रेम करून भिंतीवर लावा. त्यानंतरचं काही लावू नका.

त्यानंतरचं म्हणजे ड्रेस्डेन. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टायमार नावाचे गृहस्थ आहेत, त्यांच्यापासून यंत्र दूर ठेवा. ते अशा इंजिनांचे वैरी नाहीत, उलट त्यांना असं काही सापडलं तर हवंच आहे. हेच जास्त धोक्याचं. 2018 साली त्यांना साधारण 4 मायक्रोन्यूटनचा रेटा मिळाला, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी वजनाएवढा. मग त्यांनी मायक्रोवेव्हची वाट अडवून इंजिनात जवळपास काही पोचू दिलं नाही. रेटा तेवढाच. यंत्र वळवून तोंड बदललं, तरी रेटा ज्या बाजूला जायला हवा होता तिकडे जाईना. हिशेब करून बघा: दोन अँपिअर प्रवाह, चार सेंटिमीटर उघडी तार, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 48 मायक्रोटेस्ला. गुणाकार 4 मायक्रोन्यूटनच्या आसपास येतो. इंजिन नव्हे, तार ढकलत होती, आणि पृथ्वीला ढकलत होती. 2021 पर्यंत त्यांनी तापलेला धातू प्रसरण पावून तराजू कसा कलतो तेही शोधलं, टांगण्याची पद्धत बदलली आणि उरलंसुरलं धुऊन काढलं. एवढी स्वच्छता कुणी सांगितली होती?

ऊर्जेचा विषय निघाला तर पाणी मागवा, चहा मागवा, काहीही करा. कारण किलोवॅटमागे 1.2 मिलिन्यूटन खरे धरले, तर यान सेकंदाला 833 किलोमीटरच्या पुढे गेलं की घेतो त्याहून जास्त ऊर्जा कमवायला लागतं. आणि 833 किलोमीटर कोणाच्या सापेक्ष, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणजे तुम्ही इंजिन काढायला गेलात आणि फुकटची वीज निघाली. खरं तर ही जाहिरातीत घालायची गोष्ट, पण का कोण जाणे, कुणी घालत नाही.

अमेरिकेचे अग्निबाण-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांचं नाव घेतल्याशिवाय सभा संपवू नका. निर्वातात अग्निबाण चालणार नाही म्हणून न्यूयॉर्क टाइम्सनं 1920 साली अग्रलेखात त्यांची टर उडवली आणि अपोलो 11 निघाल्यावर, 1969 साली, चूक दुरुस्त केली. टाळ्या इथे हमखास पडतात. फक्त गोडार्ड बरोबर का ठरले ते सांगत बसू नका. ज्या संवेगाच्या नियमामुळे ते ठरले, तोच आपल्याला मोडायचा आहे.

सौर शिडाचा विषयही टाळा. जपानच्या इकारोस या यानानं 2010 साली चौदा मीटर बाजूचं शीड उलगडलं आणि सूर्यप्रकाशाचा 1.12 मिलिन्यूटन रेटा मोजून दाखवला, इंधनाचा थेंब न वापरता. आपल्या इन्सॅट-2 मालिकेतल्या उपग्रहांनीही लांब दांड्याच्या टोकाला तसलंच शीड बांधून प्रकाशाच्या दाबाचा तोल सांभाळला. पण यात प्रकाश परावर्तित होतो, संवेगाची देवाणघेवाण चोख होते, नियम मोडतच नाही. मग काय उपयोग? टॉर्च मागे धरून जायचं म्हटलं तरी किलोवॅटला 3.3 मायक्रोन्यूटन मिळतात. एक न्यूटन हवा असेल तर 300 मेगावॅटचा टॉर्च बाळगा.

प्रयोगशाळेत अगदीच निभाव लागेना, तर इंजिन थेट अवकाशात पाठवा. नोव्हेंबर 2023 मध्ये बॅरी-1 या छोट्या उपग्रहावर असलं एक इंजिन गेलं, फाल्कन-9 नं भरपूर केरोसीन जाळून ते वर पोचवलं. उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये, इंजिन तपासण्याआधीच, संपर्क तुटला. इतका निर्दोष निकाल ड्रेस्डेनला कधीच मिळाला नसता. पुढच्या उड्डाणाचा अर्ज भरताना ‘आधीच्या चाचणीत रेटा आढळला नाही’ या रकान्यात तुम्हाला निःशंकपणे ‘लागू नाही’ लिहिता येईल.