हृदय जपायचं तर जन्म बघून घ्या

हृदयाला जपायचं असेल तर पहिली खबरदारी जन्माच्या वेळीच घ्यावी. घर पाहावं, बापाच्या नावावर ओलिताखालची जमीन आहे का ते पाहावं. तुमचं तिथंच चुकलं असेल तर पुढचं पथ्य नीट ऐका.

नोकरी करायची तर साहेबाचीच करा. 1967 पासून लंडनच्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला. एकच सरकार, सगळ्यांना बांधलेला पगार, उपाशी कुणीच नाही. तरी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण तळाच्या शिपायांत वरच्या साहेबांच्या तिपटीवर गेलं. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी फरक पुरता मिटेना. तेव्हा शिपायाची जागा निघाली तर अर्ज भरू नका, एकदम कलेक्टरच व्हा.

रोज अंग हलवा, असं डॉक्टर सांगतात. आमच्या बीडकडच्या ऊसतोडीवाल्यांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. अंधारात उठून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, रात्री कोपीत अंग टाकायचं. एवढा व्यायाम, आणि वर मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचलही मिळते! तरी बाईचं बीपी वाढतं म्हणजे ती नक्कीच ताण घेत असणार. घेऊ नये. उचल यंदा फिटली नाही तर पुढच्या साली फिटेल, नाहीतर पोरगं आहेच.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. भाकरीवर नुसता ठेचाच असेल तर ठेचा अळणी करा.

अंगावरून वारं जायचंच असेल तर जागा बघून जाऊ द्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर उठतं. म्हणून तोंड वाकडं व्हायचा मुहूर्त संभाजीनगरात, सिडकोत, मंगळवारी सकाळी अकराचा धरा. किनवटकडच्या तांड्यावर रात्री दोनचा नको. तिथं 108 लावायला आधी रेंज हुडकायची, मग कुणाची तरी जीप, मग तालुक्याला पोचून ‘नांदेडला न्या’ एवढं ऐकायचं, आणि पुन्हा शंभरावर किलोमीटर.

आणि फडात छातीत कळ आली तर कोयता खाली टाकू नका. गॅस असेल. पट्टी काढायला गेलात की दिवस मोडतो, आणि मुकादमाच्या वहीत त्याला ईसीजी म्हणत नाहीत, खाडा म्हणतात.