मुलामा म्हणाल, तर तो नव्हे

नमस्कार. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातल्या जुन्या धातुकामावर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. ज्यांना लोखंड ठाऊक नव्हतं आणि जे कांशाचे दागिनेच घडवत बसले, त्या अँडीजवासीयांच्या धातुविद्येचं एवढं कौतुक कशाला? आणि तांब्याला सोन्याचा मुलामा देऊन खपवणं ही तर सरळ फसवणूक.

लोखंडाचं मान्य. पण 'दागिनेच' कसे? तिथे साम्राज्य उभारणाऱ्या इंकांकडे कांशाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, पहारीसुद्धा होत्या. त्यांच्याही आधी, इ.स. ९००च्या सुमारास, पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचे सिकान लोक तांब्यात अर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, असलेलं कांसं गाळत होते. तिथल्याच बातान ग्रांदे या ठिकाणच्या उत्खननात त्यांच्या भट्ट्या सापडल्या. लहानशा, ओळीने मांडलेल्या. भाता नाही, माणसं नळ्यांनी फुंकायची, नळीच्या टोकाला भाजक्या मातीची तोटी. एवढ्याशा वाऱ्यावर मळी, म्हणजे खनिजाचा वितळलेला टाकाऊ भाग, आणि धातू नीट वेगळे होत नसत. मग ती मळी मोठ्या दगडावर दुसरा दगड डुलवत भरडायची, पाट्या-वरवंट्यावर भरडावी तशी, आणि आत अडकलेले धातूचे मणी वेचून घ्यायचे. (सोमलाच्या धुरात फुंकणाऱ्यांच्या छातीचं काय होत असेल, कोण जाणे!)

शोभेच्या कामातही डोकं लागतंच. माचू पिच्चू या इंकांच्या नगरीत सापडलेल्या एका कांशाच्या सुरीची मूठ लामाच्या डोक्याच्या आकाराची आहे. तिच्यात सुमारे १८ टक्के बिस्मथ हा धातू निघाला, दांड्याचं कांसं मात्र नेहमीचं, कथलाचं. मूठ दांड्यावरच ओतलेली, आणि दोन्हींचे रंग वेगळे दिसतात.

आता मुलामा. उत्तर पेरूतल्या लोमा नेग्रा इथे सापडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर सोन्याचा अतिशय पातळ थर बाहेरून चढवलेला आहे, त्याला खुशाल मुलामा म्हणा. पण मी ज्या वस्तूंबद्दल लिहिलं, त्यांत सोनं आणि तांबं, बहुधा चांदीही, आधीच एकत्र वितळवलेली असते. पत्रा ठोकायचा, तापवायचा, वर आलेला तांब्याचा काळा थर आम्लाने धुऊन काढायचा, पुन्हा ठोकायचा. दर फेरीला पृष्ठभागावरचं तांबं घटत जातं आणि सोनं उरतं. बाहेर जे झळकायचं ते मुळात आतही असलं पाहिजे, असा या कारागिरांचा आग्रह होता, असं अँडीजच्या धातुकामाच्या अभ्यासक हेदर लेक्टमन यांचं म्हणणं. मला ते पटतं, कारण फसवायचंच असतं तर वरून पातळ वर्ख पुरला असता. इथे बरंचसं सोनं पत्र्याच्या पोटातच राहिलंय, कुणाच्या नजरेला न पडता. गिऱ्हाइकाला गंडवणारा सोनार एवढं सोनं वाया घालवील का?