‘विद्यमान’ म्हणजे विद्वान नव्हे

निवडणुकीचे वारे वाहू लागले की एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. ‘विद्यमान’ म्हणजे विद्या अधिक मान. म्हणून कमी शिकलेल्या आमदाराला किंवा सरपंचाला विद्यमान म्हणणे ही निव्वळ खुशामत, आणि तसाही हा शब्द इंग्रजांच्या ‘इन्कम्बन्ट’साठी (म्हणजे सध्या पदावर असलेल्यासाठी) पाडलेला, असा त्याचा सूर. यातले एकही विधान टिकत नाही. तरी शिकलीसवरलेली माणसे ते पुढे ढकलतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आधी फोड पाहू. विद्या आणि मान जोडले तर ‘विद्यामान’ होईल. विद्यापीठ, विद्याधन, विद्याव्यासंग... कुठेही ‘द्या’चा काना गळत नाही, मग इथेच कसा गळेल? मूळ आहे संस्कृतातला विद् धातू. त्याचे रूप ‘विद्यते’, म्हणजे ‘आहे’. त्याला वर्तमानकाळाचा शानच् प्रत्यय लागला की विद्यमान, म्हणजे ‘असलेला’. शेवटचे ‘मान’ प्रत्ययातून आले आहे. वर्तमान, दृश्यमान, भासमान हे शब्द असेच घडले. भासमान गोष्टीला कोणी कसला मान दिला आहे?

गोंधळाचे कारण मात्र समजण्यासारखे आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, विद् एकच नाही. ‘जाणणे’ अर्थाच्या विद्‌पासून वेद, विद्या, विद्वान हे शब्द आले. ‘असणे’ अर्थाचा विद् वेगळ्या गणातला, म्हणजे धातूंच्या वेगळ्या गटातला. (काही भाषाशास्त्रज्ञ दोन्हींचे मूळ एकच मानतात, पण त्याने विद्यमानचा अर्थ बदलत नाही.)

‘इन्कम्बन्ट’ची बाब लगेच निकालात निघते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सोळावा श्लोक उघडा: ‘नासतो विद्यते भावो नाभावो विद्यते सतः’. हेच ते विद्यते, इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीचे. इन्कम्बन्टचे मूळ आहे ‘वर रेलणे’ अशा अर्थाचे लॅटिन क्रियापद, आणि इंग्रजीत तो शब्द आधी चर्चमधले पद धारण करणाऱ्यासाठी रुळला. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी.

राहिली खुशामत. आपण ‘विद्यमान कायदा’ म्हणतो, ‘विद्यमान परिस्थिती’ म्हणतो. गेलेल्या माणसाबद्दल ‘ते आज विद्यमान नाहीत’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या शिक्षणाबद्दल बोलत नसतो.

उलट या शब्दाची फार गरज आहे. ‘माजी’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, ‘होऊन गेलेला’ अशा अर्थाचा शब्द. त्याच्या जोडीला आपण ‘आज’पासून ‘आजी’ केला आणि ‘आजी-माजी’ म्हणू लागलो. पण फलकावर ‘मा. आमदार’ छापले की ते माननीय की माजी, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. ‘विद्यमान आमदार’ लिहिले की शंका उरत नाही. मग तो चौथी शिकलेला असो वा डॉक्टरेट मिळवलेला, पदावर आहे तोवर विद्यमान. पद गेले की कितीही पदव्या असल्या तरी माजी.